उंबरा टू उंबरा

आमच्या कंपनीत कुणाचं लग्न ठरलं, बदली झाली किंवा कुणी सुट्टीवर निघालं की बाकीचे लोक अभिनंदन करतात. किसनआप्पा अंतर विचारतात.

मागच्या वर्षी परचेसमधल्या एका मुलाचं भोसरीला रिसेप्शन होतं. आप्पा रांगेतून स्टेजवर पोचले, नवऱ्या मुलाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "फिरायला कुठं?"

"केरळला, आप्पा."

"उंबरा टू उंबरा किती?"

"विमानानं दोन तास."

"इमान काय तुमच्या दारातनं उडतंय व्हय? इमानाचा टाइम नको. घराच्या उंबऱ्यापासनं तिथल्या उंबऱ्यापर्यंत सांगा. आणि मागारी यायला किती?"

मागे चाळीस माणसं खोळंबली होती. नवरी हसू दाबत होती. त्याच क्षणी फोटोग्राफरने फोटो घेतला, आणि त्या जोडप्याच्या अल्बममध्ये नवरा बोटांवर तास मोजताना कायमचा येऊन बसला.

आमची कंपनी चाकणच्या एमआयडीसीत आहे. गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये जे शाफ्ट लागतात ते आम्ही करतो. आप्पा तिथे तीस वर्षांपासून ग्राइंडिंगला आहेत, म्हणजे शाफ्टला शेवटचा हात त्यांचा. मी क्वालिटीत. मूळची लातूरची, इथे येऊन सात वर्षं झाली. आप्पांनी घासलेला शाफ्ट माझ्याकडे मोजायला येतो, आणि मी मशीनवर लावायच्या आधीच आप्पा त्यावरून अंगठा फिरवून सांगतात, "दोन मायक्रॉन जास्ती हाय, मॅडम." मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मशीन लावलं की दोनच निघतात. एखाद्या वेळी तीन निघाले तर आप्पा शांतपणे म्हणतात, "मशीन तपासून घ्या."

अशा माणसाने किलोमीटरवर अजिबात विश्वास ठेवू नये, याचं आम्हाला नवल वाटायचं. आप्पांच्या मते किलोमीटर हे कागदावरचं प्रकरण आहे. "चाकणहून भोसरी वीस किलोमीटर म्हणत्यात. म्हणू द्या. तळेगाव चौकात एखादा कंटेनर आडवा झाला की भोसरी मद्रासच्या पल्याड जातंय." म्हणून ते अंतर वेळेत मोजत. आणि ती वेळही जायची नाही, परत यायची. त्यांच्या गावाहून कंपनी पंचवीस मिनिटं. चाकणचा बाजार तीस. चाळीस मिनिटांच्या बाहेर ते पाऊल टाकत नसत. भोसरीचं ते रिसेप्शन म्हणजे त्यांच्या हिशेबी धाडस होतं, आणि तिथेही त्यांनी जेवण घेतलं नाही. मोटारसायकलची किल्ली शेवटपर्यंत मुठीत होती.

या चाळीस मिनिटांपायी त्यांनी काय काय सोडलं होतं! गुजरातच्या प्लँटमध्ये सुपरवायझर म्हणून बढती सोडली. दक्षिणेतली ट्रेनिंगं सोडली. एकदा डिपार्टमेंटची सहल लोणावळ्याला निघाली, तेव्हा पोरांनी त्यांना जवळजवळ उचलूनच बसमध्ये घातलं. तळेगावला बस चहासाठी थांबली. आप्पा उतरले, चहा प्याले, रस्ता ओलांडला आणि समोरून येणाऱ्या बसमध्ये चढून निघून गेले. जाताना खिडकीतून हात केला.

"आप्पा, भिता काय?" पोरं विचारायची.

"भितो की. लिहून घ्या," आप्पा म्हणायचे. जराही न लाजता. त्यामुळे चिडवण्यातली मजाही निघून जायची. तरी लोक चिडवायचेच. खरं सांगायचं तर मीही हसत असे. एवढा मोठा बाप्या माणूस आणि लोणावळ्याला भितो, हे मला गंमतीचं वाटायचं.

मग ते जर्मन मशीन आलं. म्हणजे यायचं होतं.

कंपनीने जर्मनीतल्या एका कारखान्याला नव्या ग्राइंडिंग मशीनची ऑर्डर दिली होती. मशीन तिथून निघायच्या आधी आपल्या माणसाने तिथे जाऊन, त्यावर शाफ्ट काढून, ते पास करायचं असतं. प्लँटहेड साहेबांनी दोन नावं काढली. मोजायला मी, आणि हात लावायला किसनआप्पा. साहेब म्हणाले, "यावेळी 'भितो' चालणार नाही. तुमच्या अंगठ्याशिवाय मी ते मशीन घेणार नाही."

आप्पा केबिनमधून निघाले ते सरळ माझ्या टेबलाशी आले. "त्या कॉम्प्युटरवर बघा, किती लांब हाय."

मी दोन शहरांची नावं टाकली. मुंबई ते फ्रँकफर्ट. उत्तर आलं, साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास, उड्डाणाची वेळ साडेआठ तास.

आप्पांनी चष्मा पुसला. "हे कुणी मोजलं?"

"सरळ रेषेत असतं हे, आप्पा."

"सरळ रेषेत कोण जातं? तुमी चाकणहून भोसरीला सरळ रेषेत जाऊन दाखवा. मधी डोंगर हाय, लष्कराची हद्द हाय. इमानाला तर समुद्र लागतो, भांडणं चाललेले देश लागत्यात. त्याला वळसा घालावा लागतोच की."

एका रद्द झालेल्या इन्स्पेक्शन रिपोर्टच्या मागे त्यांनी पेन्सिलीने मांडणी केली. घर ते मुंबईचं विमानतळ पाच तास. तिथे तीन तास आधी. विमान नऊ. उतरून शिक्के मारून घ्यायला दोन. पुढे रेल्वे, मग टॅक्सी. बेरीज बावीस तासांवर गेली. पेन्सिल थांबली.

"मागारी येताना?"

"तेवढंच. उलट विमान थोडं लवकर येतं, वारा पाठीमागून असतो म्हणे."

"व्हय?" त्यांनी मान वर केली. सगळ्या चर्चेत तेवढी एकच गोष्ट त्यांना बरी वाटली होती. "म्हणजे येताना वारा ढकलतो?" त्यांनी बावीसमधून एक वजा केला, एकवीसकडे बघत बसले, आणि कागदाची घडी घालून म्हणाले, "न्हाई जमायचं."

साहेबांनी समजूत घालायचं काम माझ्यावर सोपवलं. रविवारी सकाळी मी त्यांच्या गावी गेले.

चाकणच्या पलीकडे, कारखान्यांच्या कुंपणांना लागून त्यांचं गाव आहे. एका बाजूला कुठल्याशा कंपनीची भिंत, दुसऱ्या बाजूला कांद्याचं रान, मध्ये घर. दार उघडंच होतं. शकूकाकू, आप्पांच्या पत्नी, ओट्यावर बसून शेंगा सोलत होत्या. बुटक्या, उजळ, कपाळावर मोठं कुंकू. डाव्या हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत चुरगळलेल्या कागदासारखी होती.

"तुमी मापं घेणाऱ्या मॅडम न्हवं? या. हे गिरणीत गेल्यात दळण आणायला. नऊ मिनिटांत येत्याल."

"नऊ?"

"कधी आठ," काकू म्हणाल्या. "बसा, तवर माझं आयका. मग बोलता यायचं न्हाई."

बसताना माझा हात टेबलाच्या कडेला लागला आणि मी चमकले. कोपरा नव्हताच. मी आजूबाजूला पाहिलं. टेबल, कपाट, देव्हारा, ओटा, पाट, पायरीचा दगड, सगळ्यांचे कोपरे गोल घासलेले होते. नुसते बोथट केलेले नव्हते. कारखान्यात आम्ही जसा रेडियस, म्हणजे मापात बसणारी गोलाई, देतो तसे, प्रत्येक ठिकाणी सारखे, गुळगुळीत. दगडाला तसा रेडियस द्यायला किती रविवार लागले असतील, ते मला कळत होतं.

"मला फिट येते," काकू म्हणाल्या, जशी कुणी सांगेल की मला गुळाचा चहा लागतो. "बावीस वर्षामागं पयल्यांदा आली, तवा हे मद्रासला ट्रेनिंगला हुते. चुलीवर आमटी हुती. मी पडले ती चुलीकडंच. हात त्यात. लोकांनी दवाखान्यात नेलं. ह्यांना निरोप पोचला दुसऱ्या दिवशी, मग रेल्वे, मग येष्टी. एक्केचाळीस तास लागले ह्यांना यायला. आणि आले तवा मी ह्यांना वळखलं न्हाई. 'कोण तुमी' म्हणले म्हणं. मला ठाव न्हाई. दोन दिवसांनी वळखलं. हात बरा झाला, समदं बरं झालं, पण तेवढं ह्यांच्या डोक्यातनं जाईना."

कंपनीतलं ते हसणं मला आठवलं.

"मूलबाळ न्हाई. मग माझंच मूल केलं ह्यांनी," काकू शेंगा सोलत म्हणाल्या. "चार वर्षं झाली, फिट आली न्हाई. डॉक्टर म्हणत्यात, गोळ्या चुकवू नका, बाकी खुशाल ऱ्हावा. पण हे! घरातल्या आतल्या समद्या कड्या काढून टाकल्या. न्हाणीचीसुदिक. मी दार नुसतं लोटून आंघोळ करायची आणि हे भाईर उभं ऱ्हाऊन इचारणार, 'हायेस का?' तोंडावर साबण. म्हणायचं, 'हाय.' पुन्हा तांब्या घेतला की, 'हायेस का?' बावीस वर्षं, मॅडम!"

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "न्या ह्यांना. लांब न्या. चांगले आठ दिस न्या."

मोटारसायकलचा आवाज आला. मी घड्याळ पाहिलं. आठवं मिनिट संपत होतं.

आप्पा पिठाचा डबा घेऊन दारात उभे राहिले. मला बघून त्यांना सगळं समजलं. काकूंनी त्यांना बोलूच दिलं नाही. "तुमी जायचं. मी ठरीवलंय. सुनंदा हाय की मागल्या घरात."

सुनंदा म्हणजे त्यांच्या पुतण्याची बायको, परसाच्या पलीकडे राहते.

"आणि काय झालं तर?" आप्पा म्हणाले.

"तर सुनंदा हाय."

"मागारी यायला एकवीस तास लागत्यात, शके."

आवाज अगदी साधा होता, पण हातातला डबा तिरका झाला होता आणि झाकणाच्या फटीतून पीठ त्यांच्या चपलांवर सांडत होतं. मी त्या दिवशी पहिल्यांदा आप्पांची भीती पाहिली. आधी पाहायचो ते आम्ही तिच्यावर केलेले विनोद होते.

काकूंपुढे त्यांचं चाललं नाही. मेमध्ये निघायचं ठरलं, सहा दिवसांसाठी. मधल्या काळात आप्पांनी तयारी केली. भिंतीवर रंगाने तीन फोन नंबर लिहिले, आडवे पडूनही दिसतील इतके खाली. मग सुनंदाची परीक्षा घेतली. आपण ओट्यावर उभं राहून हाक मारायची आणि तिने हातातलं काम टाकून पळत यायचं. पहिल्यांदा तिला एक मिनिट दहा सेकंद लागले. आप्पांनी परसातली कोंबड्यांची जाळी काढून टाकली, वाट सरळ केली आणि तिला चाळीस सेकंदांवर आणलं. सुनंदाची स्वतःची तक्रार एवढीच होती की भाकरी करपतात.

निघालो त्या दिवशी द्रुतगती मार्गावर आप्पांनी प्रत्येक टोलनाक्याला घरी फोन केला. विमान दुपारचं होतं. मी याआधी एकदाच विमानात बसले होते, तेही नागपूरला जायला, आणि उतरेपर्यंत डोळे उघडले नव्हते. इथे तर नऊ तास काढायचे होते. आई लातूरहून फोनवर म्हणाली होती, "खिडकीपाशी बसू नको, बाहेर बघू नको, आणि काही झालं तर लगेच फोन कर." काही झालं तर म्हणजे नेमकं कधी, हे मी तिला विचारलं नाही.

विमान धावायला लागलं तसे मी खुर्चीचे दोन्ही हात धरले. आप्पा मात्र खिडकीतून मुंबईची पत्र्याची छपरं निवांत बघत होते.

"आप्पा, भीती नाही वाटत?"

"कशाची?"

"विमानाची."

"पडलं तर पडलं. त्याला काय येळ लागतोय?" ते म्हणाले, आणि माझा चेहरा बघून समजुतीच्या सुरात म्हणाले, "पडायचं न्हाई. मशीनचा आवाज चांगला हाय. बेअरिंगं नवी हायेत."

समुद्रावर विमान जोरजोरात हलायला लागलं. पट्टे बांधा म्हणून सूचना झाली, मागच्या रांगेत कुणीतरी देवाचं नाव घेतलं, माझ्या ट्रेमधलं पाणी मांडीवर आलं. मी रडायच्या बेतात होते. आप्पांनी स्वतःचा रुमाल दिला आणि समोरच्या छोट्या पडद्यावर नजर लावली. पडद्यावर नकाशा होता, त्यावर विमानाचं चित्र, आणि खाली आकडे. किती अंतर आलो, किती उरलं. ते चित्र इतकं हळू सरकायचं की सरकतंय असं वाटायचंच नाही. आप्पा मात्र ते मायक्रॉनमध्ये बघत होते.

मुंबई सोडून साडेचार तास झाले. विमान आता शांत झालं होतं, लोक पेंगत होते. आणि अचानक आप्पांनी माझं मनगट धरलं.

"मधी आलो," ते म्हणाले.

"कशाच्या?"

"आकडे बघा. आलो तेवढंच ऱ्हायलं. आतापर्यंत काय झालं असतं तर मागारी फिरणं जवळ हुतं. आता न्हाई. आता घर लांब आणि म्होरलं गाव जवळ." त्यांना धाप लागली होती. "त्या बाईंना इचारा, आता फिरवलं तर किती टाइम लागंल."

मी हवाई सुंदरीला बोलावलं. तिला वाटलं आजोबांना पाणी हवंय. मी हिंदीत, मग इंग्रजीत विचारलं, की समजा इथून विमान परत वळवायचं असेल तर. तिचा चेहरा एकदम बदलला. अशा प्रश्नाने विमानात काय होऊ शकतं ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी घाईघाईने सगळं सांगितलं: बायको, फिट, नऊ तास फोन नाही. ती बाई गुडघ्यावर बसली, आप्पांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "अंकल, चार घंटे में बात हो जाएगी." आप्पांनी मान हलवली. पण त्यानंतरचे चार तास त्यांनी पडद्याकडे बघितलं नाही. चादर डोक्यावरून घेतली. चादरीखाली ते झोपलेले नाहीत, हे मला कळत होतं, कारण दर थोड्या वेळाने चादर पुटपुटायची, "हायेस का?"

फ्रँकफर्टला चाक टेकताच त्यांनी फोन लावला. काकूंनी उचलला. "पोचला? बरं. मी झोपायला चालले. ठेवा." एवढंच. आप्पा पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो फोन कुणी उचलला नाही.

आम्ही कारखाना होता त्या छोट्या गावातल्या हॉटेलात नाश्ता करत होतो. सकाळचे आठ, म्हणजे घरी साडेअकरा. कारखान्याची गाडी दारात येऊन थांबली होती. आप्पांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा. सातव्यांदा लावला तेव्हा त्यांनी हातातला पाव खाली ठेवला आणि सुनंदाला लावला. फोन मोठ्या आवाजावर टाकला, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. सुनंदा पळत असल्याचा आवाज. मग दारावर थापा.

"आप्पा, दार आतनं लावलंय."

"कसं लावलंय? आपल्या दाराला आतनं कडीच न्हाई."

"हाय, आप्पा. फटीतनं दिसतीय. नवी हाय."

मग थापा, हाका, पुन्हा थापा. "काकू! ओ काकू!" आतून उत्तर नाही. सुनंदाचा आवाज चिरकला. "आप्पा, मी माणसं बोलावते, दार तोडते." आणि फोन बंद झाला.

आप्पा उठले. पायात हॉटेलच्या पांढऱ्या सपाता होत्या. तसेच ते दाराकडे चालू लागले.

"आप्पा, कुठे?"

"घरी."

मी त्यांच्या पाठोपाठ धावले. फुटपाथवर त्यांना गाठलं, दंड धरला. ते थांबले, पण माझ्याकडे बघत नव्हते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने बघत होते, कुठल्या दिशेने घर आहे हे शोधत असल्यासारखे. "एकवीस तास," ते म्हणत होते. "एकवीस तास, मॅडम." त्यांच्या घशातून असा आवाज येत होता जो मी कुठल्याही माणसाचा ऐकलेला नाही. या माणसाला मी इथे आणलं होतं. काकूंचं ऐकून मी आणलं होतं. आता आत काकू पडल्या असतील, ओटा गोल आहे पण फरशी तर कठीणच आहे, आणि जन्मभर मी आप्पांना काय तोंड दाखवू? कारखान्याचा ड्रायव्हर गाडीतून उतरला आणि टोपी काढून नुसता उभा राहिला. त्याला भाषा कळत नव्हती, बाकी सगळं कळलं होतं.

फोन वाजला. आप्पांना तो उचलता येईना. मी घेतला.

"कोण मेलंय?" पलीकडून काकू कडाडल्या. "ही सुनंदा पाच माणसं घेऊन पहार घेऊन आलीय. माझं दार फोडत हुती!"

मी फोन आप्पांच्या कानाला लावला.

"शके," ते म्हणाले. "कुठं हुतीस?"

"न्हात हुते."

"एवढा येळ?"

"व्हय, एवढा येळ! न्हाणीला कडी, घराला कडी. दोन बादल्या पाणी घेतलं, डोक्यावरनं न्हाले, गाणी म्हणले. कुणी इचारलं न्हाई हायेस का म्हणून. बरं वाटलं बघा." आणि त्या खदखदून हसल्या. मागे सुनंदाही हसत-रडत होती.

"कडी कुणी बसवली?"

"सुतारानं. तुमची गाडी वळली आणि तो आला. आदल्या दिशीच सांगून ठेवलं हुतं."

आप्पा हॉटेलच्या पायरीवर बसले. रागवतील असं मला वाटलं. त्यांनी एकच विचारलं, "गोळी घेतली का?"

"घेतली."

"बरं."

पुढचे तीन दिवस आम्ही काम केलं. काम आप्पांनी चोख केलं. तिथल्या म्हाताऱ्या जर्मन इंजिनिअरने मशीनवर काढलेला शाफ्ट मोठ्या अभिमानाने पुढे केला. आप्पांनी अंगठा फिरवला आणि मान हलवली. "अंगावर लाटा हायेत, गुळगुळीत न्हाई." इंजिनिअर हसला. मग त्याने मोजलं, आणि हसायचा थांबला. दोन दिवस दोघे मिळून त्या मशीनला चिकटले होते, एकाला मराठी येत नव्हती, दुसऱ्याला जर्मन, आणि दोघेही मोठमोठ्याने आपापल्या भाषेत बोलत होते. शेवटी शाफ्ट असा निघाला की आप्पांनी तो गालाला लावून पाहिला.

पण कामाबाहेर ते गप्प झाले होते. हॉटेल ते कारखाना किती वेळ, हेसुद्धा विचारत नव्हते.

शनिवारी दुपारी सुट्टी होती. गावातून एक लहानशी नदी जाते, तिच्या काठाला बाक आहेत. आम्ही तिथे बसलो. बदकं होती, सायकलवरून माणसं जात होती, ऊन छान होतं.

"हसत हुती ओ," आप्पा एकदम म्हणाले.

"कोण?"

"शकी. त्या दिशी फोनवर. अशी हसलेली मी लई दिस आयकली न्हवती."

"मग चांगलंच की, आप्पा."

"चांगलंच हाय." ते पाण्याकडे बघत राहिले. "मी न्हाई म्हणून हसत हुती."

काहीतरी बोलायला हवं होतं, की तसं नाही, तुम्ही केलंत म्हणून त्या आज आहेत. ते खरंही होतं. पण ते ऐकायला त्यांनी हे सांगितलं नव्हतं. ते मोठ्या कष्टाने एक माप घेत होते आणि मला मध्ये बोलायचा अधिकार नव्हता. त्यांच्या गालावरून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. एक बदक जवळ येऊन आमच्याकडे बघून गेलं.

त्यांचा फोन वाजला. दचकून त्यांनी खिसे चाचपले. व्हिडिओ कॉल होता, काकूंनी स्वतःहून केलेला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग कपाळ, मग अख्ख्या काकू. केस मोकळे होते.

"तोंड काय असं केलंय?" त्या म्हणाल्या. "आजारी हाय का?"

"न्हाई. ऊन हाय."

"तुमी एकट्यानंच बघताय व्हय समदं? मला दाखवा की जरा."

आप्पांनी फोन उलटा केला. "ही नदी."

"एवढीच? आपली इंद्रायणी मोठी. ती पांढरी फुलं कसली?"

"ठाऊक न्हाई."

"मग जवळ जावा की. लांबनं काय दिसणार?"

आप्पा उठले. फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला, जसा ते नवा शाफ्ट धरतात, आणि चित्र हलू नये म्हणून पाय अलगद टाकत चालू लागले. झाडापाशी थांबले. मग काकूंना सायकली बघायच्या होत्या. मग एका घराच्या खिडकीतलं मांजर. मग दूर कुठेतरी घंटा वाजली, ती कुठली ते बघायचं होतं. मी बाकावरच बसून राहिले. काकूंचा आवाज लहान होत गेला, तरी काठावरच्या शांततेत ऐकू येत होता.

"आणि त्या पुलाच्या पल्याड काय हाय?"

आप्पा पुलाच्या तोंडाशी थांबले. त्यांनी मागे वळून मला शोधलं आणि बसा म्हणून एक हात वर केला.

"थांब, बघून सांगतो," ते फोनला म्हणाले, आणि पूल ओलांडायला लागले.